बंद झाकणांचा इतिहास

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांची ओळख करून देताना, "यांचा खेळण्यांचा नाद अजून सुटलेला नाही," असे म्हटले गेले आणि सभागृह हसले. मीही हसलो. घरी परतताना मात्र त्या हसण्याची लाज वाटली; कारण त्यांनी सोबत आणलेला, जेमतेम सतरा सेंटिमीटर लांबीचा शेर्मन रणगाडा मी हातात घेऊन पाहिला होता. त्याची झाकणे उघडत होती आणि आत गोळे रचलेले होते. एकेक गोळा काडीपेटीतल्या काडीच्या निम्म्याएवढा.

या छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्यांना थोडा आधार आहे, हे मान्य करू. छंदिष्टांना आज प्रिय असलेले १:३५ हे प्रमाण कोणा इतिहासकाराने ठरवलेले नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी 'पँथर' रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार घेतला गेला; तेच पुढे प्रमाण झाले. माणसांच्या जागी बॅटऱ्या बसल्या. खेळणे ते हेच. परंतु ज्याने बॅटऱ्या काढून तेथे पुन्हा माणसे, आसने आणि गोळ्यांचे कप्पे जागच्या जागी बसवले, त्याच्या कामाला तेच नाव देणे हा आळस आहे.

शेर्मनचेच पाहा. त्याच्या ७५ मिलिमीटर तोफेसाठी सुरुवातीला सुमारे ९७ गोळे आत असत आणि त्यांतले बरेचसे दोन्ही बाजूंना, पट्ट्यांच्या वरच्या कुशींत ठेवलेले असत. म्हणजे शत्रूचा मारा नेमका जेथे सहज लागावा तेथे. चिलखत भेदले गेले की दारू पेट घेई आणि आतल्या पाच जणांना बाहेर पडायला काही क्षणच उरत. पहिला उपाय म्हणून त्या कप्प्यांसमोर बाहेरून पोलादाचे जादा पत्रे जोडण्यात आले. पुढे, १९४४ पासून, गोळे तळाशी हलवून पाणी आणि ग्लायकॉल भरलेल्या आवरणांनी वेढले गेले. अमेरिकी लष्कराने युद्धाच्या अखेरीस केलेल्या पाहणीत जुन्या मांडणीचे ६० ते ८० टक्के रणगाडे भेदले गेल्यावर पेटल्याचे आढळले, तर नव्या मांडणीचे १० ते १५ टक्के. किती घरांतली माणसे वाचली असतील, ती केवळ गोळे कोठे ठेवावेत या एका निर्णयाने! १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेइक्टिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे आपले जवान शेर्मनमध्येच बसून लढले. प्रतिकृतीवर ते जादा पत्रे चिकटवणारा, त्यामागे काय होते हे जाणत नसेल, तर त्याची कारागिरी पोकळ आहे. माझा वाद त्याच्याशीही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: हे युद्धाचे उदात्तीकरण आहे. मला उलटेच वाटते. उदात्तीकरण होते ते बाहेरून. चौकातल्या चौथऱ्यावर रंगवून ठेवलेला, झाकणे बंद केलेला रणगाडा पाहून पोरांना नुसता पराक्रम दिसतो. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणभूमीवर 'फामागुस्ता' या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय २१. रणगाडा पेटला असतानाही त्यांनी तो सोडला नाही, हे आपण मुलांना सांगतो. मात्र सेंच्युरियनमध्ये चालकाच्या डाव्या हाताला गोळ्यांचा साठा असतो, आणि त्याच रणगाड्यात चहासाठी पाणी तापवायचे भांडेही असते, हे सांगत नाही. ते सांगितल्यावर परमवीरचक्राचे मोल कमी होत नाही; ते किती माणसांच्या अंगावर कोसळलेले होते, ते कळते.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, ही मराठी मुलखाला भूषणावह गोष्ट होय. पण संग्रहालय कशाला म्हणावे, हे बडोदेकरांना कोणी शिकवायला नको. कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात १९४४ मध्ये महीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. आपण तिघा पिढ्यांनी त्याच्याखाली उभे राहून तोंडे वासली. त्याचे कातडे मांडले असते, तर आपल्याला काय कळले असते?

देशभर चौथऱ्यांवर उभ्या असलेल्या प्रत्येक रणगाड्याचे अंतरंग गंजण्याआधी मोजून, रेखाटून ठेवले पाहिजे. १९७१ साली विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. आपल्या नात्यागोत्यांत असे कोणी असतील, तर वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि पराक्रम नव्हे, तर जागा विचाराव्यात: गोळे कोठे होते, पाणी कोठे, पाय कोठे ठेवत होतात? हे काम आज कोणी करत असतील, तर ते आपण ज्यांना हसलो तेच छंदिष्ट.

मंडळाने पुढील बैठकीत त्या सभासदांना अर्धा तास द्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. प्रतिकृती टेबलावर ठेवावी, झाकणे उघडी ठेवावीत, आणि प्रथम वाकून पाहण्याचा मान, हसण्यात सामील असल्यामुळे, मला मिळावा.