पायांतली मुंगी आणि जिवाणूचे कवच

जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड, खडकवासला आणि धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या भागांत ‘गुलेन बॅरे सिंड्रोम’चे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले. काही आठवड्यांतच पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूने हातपाय लुळे कसे पडावेत, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला.

त्याचे उत्तर जिवाणूच्या कवचावर आहे. या कवचात मेद आणि शर्करा यांच्या जोडणीतून बनलेले रेणू असतात. आपल्या शरीराला जन्मतःच लाभलेली उपजत प्रतिकारशक्ती हे रेणू पाहताच सावध होते. तिच्या पेशींवरील ‘टीएलआर-४’ नावाचा पहारेकरी त्यांतील मेदाचा भाग ओळखतो आणि दाह व ताप यांची हाक देतो. ही उपजत यंत्रणा कशी जागी होते, याच्या शोधासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ही हाक ऐकून प्रतिकारशक्तीची दुसरी फळी प्रतिपिंडे तयार करते. गफलत होते ती येथे. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही प्रकारांतील शर्करेची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरील ‘गँग्लिओसाइड’ या रेणूंशी हुबेहूब जुळते. जिवाणूसाठी घडवलेली प्रतिपिंडे मग स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी अशक्तपणा सुरू होतो, तो याच कारणाने.

असे क्वचितच घडते. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या सुमारे हजारांत एखाद्यालाच जीबीएस होतो. मात्र वाढत्या वयाबरोबर त्याचा धोका वाढतो आणि घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत तो ओळखण्यात उशीरही होतो. ‘वय झाले, पायांत बळ राहिले नाही’ असे आजी-आजोबा स्वतःच म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. पण वयाचा अशक्तपणा वर्षांनी वाढतो, जीबीएसचा दिवसांनी. कालपर्यंत जिना चढणाऱ्या व्यक्तीला आज खुर्चीतून उठवेना, दोन्ही पायांत मुंग्या येऊन दुर्बलता वर सरकू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गिळताना ठसका लागणे, आवाज बदलणे, श्वास अपुरा पडणे ही तर तातडीची लक्षणे होत. गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. परंतु त्यासाठी महिनोन्‌महिने व्यायामोपचार आणि घरच्यांचा धीर लागतो.

प्रतिबंध मात्र स्वयंपाकघरातच आहे. विहिरीचे वा टँकरचे पाणी, ते स्वच्छ दिसले तरी, खळखळून उकळावे. कोंबडीचे मांस आतपर्यंत शिजवावे, कच्चे मांस नळाखाली धुऊ नये आणि त्याची सुरी भाजीला लावू नये. दूध तापवूनच घ्यावे.

आज घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारा : चालणे कालच्यासारखेच आहे ना?