सायकल मार्ग ओस का पडतात?



पुण्यातील सायकल मार्ग ओस पडले आहेत, तेव्हा तिथे मोटारी लावू द्याव्यात, असे मत या सदरातील एका पत्रात मांडले आहे. त्यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली आहे. मार्गात एक मोटार उभी असली, तरी सायकलस्वाराला भरधाव वाहनांमध्ये शिरावे लागते. अशा वाटेवर पालक मुलांना कसे धाडतील? मनाई नवी नाही. २०१७च्या केंद्रीय वाहनचालन विनियमांनुसार सायकल मार्गावर वाहन उभे करता येत नाही आणि मनाईच्या जागेतील वाहन उचलून नेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. उणीव आहे ती रोजच्या अंमलबजावणीची.

पार्किंगला जागा नाही, ही अडचण खरी आहे. पण तिची किंमत सायकलवरून कामाला जाणाऱ्याने जीव धोक्यात घालून का मोजावी? दुकानांचा माल उतरवण्यासाठी वेगळी जागा आणि वेळ आखून देता येईल, मार्गाच्या कडेने खांब रोवता येतील. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने आधी मार्ग मोकळे करावेत. त्यांचा वापर होतो की नाही, हे त्यानंतरच ठरवावे.

– एक वाचक, पुणे