यंत्र चालून मरत नाही, पडून मरते



खरिपाची कोळपणी आटोपली. वीडर, गवत कापायचे ब्रश कटर, पेट्रोलवरचा फवारणी पंप आता गोठ्याच्या कोपऱ्यात जातील आणि तिथेच पुढच्या आषाढाची वाट बघतील. मृगाचा पाऊस पडेल, तण बोटभर वर येईल, मग पोरगा दोरी ओढायला लागेल. वीस वेळा ओढेल, पन्नास वेळा ओढेल, इंजिन ढिम्म हलणार नाही. त्या आठवड्यात तालुक्याच्या मिस्त्रीकडे रांग लागलेली असते. सोयाबीनचे पहिले ४५ दिवस तणाशी झगडण्याचे. त्यातले दहा दिवस मिस्त्रीच्या दारात गेले तर ते पिकातूनच वजा होतात.

बैठकांतून आम्ही बंद पडलेल्या यंत्रांबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते : ‘माल हलका होता.’ काही वेळा ते खरेही असते. पण बहुतेक वेळा यंत्र कामात मरत नाही. महिना-सव्वा महिना ते काम करते आणि उरलेले अकरा महिने पडून मरते.

याचा हिशेब साधा आहे. समजा, यंत्राची किंमत ३०,००० रुपये आणि वर्षाचे काम ६० तास. यंत्र दहा वर्षे टिकले तर तासाला ५० रुपये पडले. तीन वर्षांत भंगारात गेले तर तासाला जवळपास १६७ रुपये. पेट्रोल, ऑइल आणि दुरुस्ती वेगळी. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना अवजारांचा घसारा धरतो, पण कागदावरचे यंत्र त्याचे ठरलेले आयुष्य जगते. आपल्या गोठ्यातले अकाली गेले तर तो फरक कोणत्याही हमीभावात येत नाही. तो आपल्याच कनवटीतून जातो. भावासाठी भांडायचे ते भांडूच. पण जो खर्च आपल्याच हाताने थांबतो, तो थांबवायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

इंजिन पडून का मरते, ते समजून घेऊ. पेट्रोल साठवून ठेवायची वस्तू नव्हे. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हळूहळू चिकट डिंक बनतो. कार्बोरेटरमधल्या जेटचे भोक मिलिमीटरहूनही बारीक असते. तेवढ्या डिंकाने ते बुजते आणि इंजिन उपाशी राहते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात २००१ साली झाला, तो आपल्याच मिरज आणि मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते, ते सरकारने २०२२ साली २०२५-२६ वर आणले. आता पंपावर मिळणारे साधे पेट्रोल हे असे आहे. आमचा इथेनॉलला विरोध नाही. उसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर ते आपल्याला हवेच आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते, हा त्याचा गुण आहे आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे. ओलावा शिरलेले पेट्रोल टाकीत राहिले की पत्रा गंजतो, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी बुरशीसारखी पूड धरते, जुन्या यंत्रातल्या रबरी नळ्या फुगतात नाहीतर चिरतात. टू-स्ट्रोकचे तर त्याहून वाईट. त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि त्या थरात ऑइल नसल्यासारखेच असते. इंजिन तोच थर आधी ओढते आणि पिस्टन धरतो. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. शेवटचे काम झाले त्याच दिवशी, इंजिन कोमट असतानाच तो करावा.

पहिले, टाकी पूर्ण रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेले थेंबही काढा. निघालेले साधे पेट्रोल ताजे असेल तर गाळून मोटारसायकलमध्ये घाला. ऑइल मिसळलेले असेल तर घालू नका. ते हंगामातच संपेल एवढेच कालवत जा. किती कालवायचे ते पुस्तिकेत बघा : २५ ला १ म्हटले असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका.

दुसरे, फोर-स्ट्रोक इंजिनाचे काळे ऑइल आत्ताच बदला, पुढच्या वर्षी नव्हे. जळक्या ऑइलात आम्ल असते आणि ते अकरा महिने आतल्या धातूला खात बसते.

तिसरे, प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा. दोरी सावकाश दोन-तीनदा ओढा आणि प्लग परत लावा. मग दोरी जड लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

चौथे, एअर फिल्टर स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि ऑइलचे चार थेंब चोळून बसवा. कागदाचा असेल तर धुऊ नका, नुसता झटका. सायलेन्सरच्या तोंडाला लाल फडके बांधा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते. फडके लाल यासाठी की पुढच्या वर्षी सोडायचे विसरू नये.

यंत्र फळीवर ठेवा, जमिनीवर नको. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो; गोणपाट बरे. आणि खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको. युरिया-पोटॅश ओलावा धरतात आणि त्यांच्या क्षाराने लोखंड वर्षभरात पोखरते. पेट्रोलचा डबा चूल, देवघर आणि बिडीपासून लांब ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात लेकरे आहेत.

अधूनमधून दोन मिनिटे चालू करून बंद करणे म्हणजे काळजी घेणे, असे पुष्कळांना वाटते. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही आणि आत पाणी मात्र धरते. चालवायचे तर कामाला लावून चालवा, नाहीतर रिकामे करून ठेवा.

हत्यारांबद्दलही दोन शब्द. सगळीच स्वस्त घेऊ नका, सगळीच महाग घेण्याचीही गरज नाही. गाळणी, नरसाळे, तारेचा ब्रश बाजारातला कुठलाही चालतो. प्लग पाना आणि ८-१०, १२-१३ चे रिंग पाने मात्र चांगल्या पोलादाचे घ्या. मऊ पाना नटाचे कंगोरे खातो, मग नट छिन्नीने तोडावा लागतो. जेट साफ करायला टाचणी किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठे होऊन इंजिन पेट्रोल प्यायला लागते. तंगूसाचा तुकडा पुरतो. असा संच घराघरात कशाला? दहा घरांत एक असला तरी पुरे.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. पेरणी संपली की पाभर धुऊन आढ्याला टांगणारे आपलेच बापजादे. रॉकेलवर चालणारे पाण्याचे इंजिन बंद करण्याआधी पेट्रोलवर घ्यायचे, म्हणजे सकाळी लवकर चालू होते, हे त्यांना कुणी शिबिरात शिकवले नव्हते. खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. ते जरूर वाहा. पण वीडरला त्या दिवशी चमचाभर ऑइलही द्या, तो नैवेद्य त्याच्या पोटात जाईल.

आपल्या हातातले आपण करू. मग बाकीच्याचा जाब विचारायला आपला आवाज मोकळा. अनुदानाच्या यादीत येणाऱ्या प्रत्येक यंत्राची मराठी पुस्तिका मिळाली पाहिजे, आणि २० टक्के इथेनॉल त्याला चालते की नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. प्लग, नळी, फिल्टर आणि कार्बोरेटरचा संच तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत, ते यंत्र यादीतून गेले पाहिजे. अनुदान यंत्र विकणाऱ्याच्या सोयीसाठी नाही, ते वापरणाऱ्यासाठी आहे.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा : गावात पेट्रोलची यंत्रे किती, बंद किती, कोणत्या भागावाचून बंद, आणि घेऊन किती वर्षे झाली. नुसत्या तक्रारीला अधिकारी मान डोलावतात. आकडा पुढे ठेवला की त्यांना उत्तर द्यावे लागते. तो कागद लिहून झाला की त्याच संध्याकाळी आपल्या यंत्राची टाकी रिकामी करा.