कुत्र्याची खाज आणि सुईची घाई

शेताच्या राखणीस ज्याच्या घरीं कुत्रें आहे, त्यास त्याच्या खाजेचा अनुभव नसेल असें सहसा घडत नाहीं. केस झडलेलें, अंग चावीत बसलेलें कुत्रें दिसलें कीं लोक त्यास खरुजें ठरवून गांवाबाहेर हांकलतात, नाहीं तर इंजिनाचें जळकें तेल फांसतात. कुत्रें तें चाटतें आणि विष पोटांत जातें. दवाखान्यांत नेलें तर पुष्कळ ठिकाणीं एक सुई टोंचून बोळवण होते. कांहीं दिवस खाज थांबते, पुन्हां सुरू होते, पुन्हां सुई. ही पद्धत आम्हांस सर्वथा गैर वाटते.

खरूज हा डोळ्यांस न दिसणाऱ्या किड्यांचा रोग. त्याचा जोर कानांच्या कडा व कोपरें यांवर अधिक, आणि तो माणसांसही लागतो. ॲलर्जी लागत नाहीं. पिसवेच्या लाळेची ज्या कुत्र्यास ॲलर्जी आहे, त्यास थोडे चावेही पुरतात; शेपटीचें मूळ व मांड्यांची आंतील बाजू तें कुरतडून काढतें. पिसवा दिसल्या नाहींत म्हणून त्या नाहींतच असें समजूं नये. बारीक फणीनें निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी; तांबूस डाग पसरला कीं तें पिसवेनें पचविलेलें रक्तच होय. ही बिनखर्चाची परीक्षा किती ठिकाणीं होते?

अंडीं, अळ्या व कोश मुख्यत्वें गोणपाटांत व जमिनीच्या भेगांत असतात, आणि कोश महिनोगणती टिकतात. म्हणून घरच्या सर्व कुत्र्या-मांजरांस औषध कित्येक महिने चालवावें लागतें. (गुरांवर मारण्याचें परमेथ्रिन मांजरास प्राणघातक ठरूं शकतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.)

पिसवा गेल्या, त्वचा खरवडून खरजेचा संशयही फिटला, तरी खाज राहिली, तर अन्नाची पाळी. दूध, कोंबडी, गहूं यांची ॲलर्जी कुत्र्यांत आढळते. पूर्वीं कधीं न खाल्लेलें एखादें मांस वा मासळी भाताबरोबर आठ आठवडे द्यावी, मग जुनें अन्न देऊन खाज परतते काय तें पाहावें. गांवांत हें कठीण खरें. शेजारची भाकरी कोण अडविणार? तरी तितके दिवस सांखळींत ठेवणें अशक्य नव्हे. याउपर उरते ती बहुधा धुळींतील किडे व पराग यांची. ती समूळ जात नाहीं, आटोक्यांत ठेवावी लागते.

हरकती ऐकल्याखेरीज फेरफाराची नोंद प्रमाणित होत नाहीं, हें पाहण्यांत आमचा जन्म गेला; रोगाच्या बाबतींत तेवढी तरी सबुरी असावी. स्टेरॉइडची सुई वाईट नव्हे, खाज असह्य असतां ती थोडा काळ उपकारकच; पण कारण न शोधतां वारंवार दिल्यास तहान, लघवी व भूक वाढते, स्नायू झिजतात. दोष एकट्या डॉक्टरांचा नाहीं. "एक सुई मारा" हा आग्रह मालकांचाच असतो. यापुढें दवाखान्यांत जातांना कुत्रें काय खातें, कोठें निजतें, खाज कोणत्या ऋतूंत वाढते याचें टांचण न्यावें, आणि सुईपूर्वीं फणी फिरवून व त्वचा खरवडून पाहण्याची विनंती करावी.