आधी पोर वर्गात, मग कागद

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड टोळ्या निघतात आणि पोरंही आईबापामागं फडावर जातात. शेतकरी बंधू-भगिनींनो, खतपाण्याचं नेहमीच बोलतो. आज शाळेच्या दाखल्याचं बोलू.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. दाखल्याला उशीर झाला तरी सरकारी वा अनुदानित शाळेनं त्यापायी प्रवेश अडवायचा नाही. वयाचा पुरावा नसला तरीही नाही, असं कलम १४ सांगतं.

गुरुजी, तुमच्यामागं कागदांचा ढीग आहे, मान्य. पण पोर दारातून परत पाठवू नका. पालकहो, व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथं विचारा. हुकलेली पेरणी दुबार करता येते, शाळेतून सुटलेलं पोर परत बसवणं अवघड.