दम लागत नाही, एवढ्यावर विसंबू नका

विहिरीतला गाळ काढायला किंवा अडकलेली मोटार सोडवायला माणूस उतरतो, तेव्हा काठावरचे लोक त्याला हमखास सांगतात : कोंडल्यासारखं वाटलं की दोर हलव, लगेच वर ओढतो. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण हवेतला प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरणार, दम लागणार आणि माणूस वेळेवर सावध होणार, हे त्याने धरूनच चाललेले असते. तसे वाटणे स्वाभाविक आहे. श्वास घ्यायचा तो प्राणवायूसाठी. मग तो संपत आला की श्वासाची ओढ लागणारच. शरीराची व्यवस्था मात्र अशी नाही. आपल्याला जाणवणारी तगमग बहुतांशी कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते, प्राणवायू घटल्याची नव्हे. म्हणून विहीर, सेप्टिक टँक, गटाराचे चेंबर, गोबरगॅसची टाकी अशा जागी उतरणाऱ्याला काय वाटते यावरून हवेची पारख करणे आपण सोडून द्यावे, असे माझे म्हणणे आहे. ती पारख यंत्राने करावी, आणि तीही माणूस उतरण्याआधी.

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरोघरी कपाटात पडून आहे. निरोगी माणसाने खुर्चीत बसून तो बोटाला लावावा आणि श्वास रोखून धरावा. अर्ध्या-पाऊण मिनिटात छाती धडपडू लागते, आता श्वास घेतलाच पाहिजे असे होते. त्या क्षणी आकडा पाहिला तर तो बहुधा जागचा फारसा हललेला नसतो. प्राणवायू अजून पुरेसा आहे, तरी शरीर आकांत करते आहे. कारण तोवर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. हे कोडे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्रीस्टली या सहकाऱ्यासोबत १९०५ साली उलगडले. साधन अगदी साधे होते : एक लांब रबरी नळी. तिच्यात जोराने फुंकायचे आणि फुंकरीच्या शेवटी आलेली, म्हणजे फुप्फुसाच्या तळातली हवा तपासायची. बाहेरचा दाब बदलला, प्राणवायू कमी-जास्त झाला, तरी या खोल हवेतला कार्बन डायऑक्साइडचा दाब शरीर जवळपास एकाच पातळीवर राखते, असे त्यांना दिसले. तो वातावरणीय दाबाच्या अवघ्या ०.२ टक्क्याने वाढला तरी विश्रांतीतला श्वासोच्छ्वास दुपटीवर जात होता. इतका हळवा काटा सराफाकडेच सापडायचा. पुढे कळले की कार्बन डायऑक्साइड रक्तातून मेंदूकडे सहज झिरपतो, तिथे आम्लता वाढवतो, आणि मेंदूच्या देठातल्या पेशी ती आम्लता हेरून श्वासाचा वेग ठरवतात.

प्राणवायूवर पहाराच नाही, असे मात्र नाही. या लेखावर पहिला आक्षेप तोच येईल आणि तो रास्त आहे. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, तो रक्तातला प्राणवायू तपासत राहतो. त्याचे हे काम दाखवून देणाऱ्या बेल्जियमच्या कॉर्नेल हायमन्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. पण हा पहारेकरी उशिरा जागा होतो. निरोगी माणसाच्या धमनीत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. तो साठच्या खाली घसरेपर्यंत या अवयवाची हाक क्षीणच असते. शिवाय त्याने हाक दिली, श्वास वाढला, की वाढलेल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मेंदूच्या देठातला पहिला काटा म्हणतो, सगळे ठीक आहे, सावकाश चल. एकाने गाडी हाकायची आणि दुसऱ्याने लगाम खेचायचा, असा प्रकार. यात निसर्गाची चूक काढण्यात अर्थ नाही. उघड्या हवेत राहणाऱ्या प्राण्याच्या श्वासात अडथळा आला तर प्राणवायू घटणे आणि कार्बन डायऑक्साइड साठणे या गोष्टी जोडीनेच घडतात. एकीवर नजर ठेवली की दुसरीची खबर आपोआप मिळते. ही जोडी फुटते ती माणसाने बांधलेल्या टाकीत, खणलेल्या खोल खड्ड्यात आणि विरळ हवेच्या उंचीवर. तिथे फुप्फुसे बिनदिक्कत हलत असतात, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो, आत मात्र प्राणवायूच येत नाही. घंटा वाजायला कारणच उरत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला १५ एप्रिल १८७५ चा आहे. ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच माणसे आठ हजार मीटरच्या वर गेली. सोबत प्राणवायू भरलेल्या पिशव्या होत्या आणि त्या कशासाठी आहेत हे तिघांनाही नीट ठाऊक होते. त्यांपैकी गास्तों तिसांदिए हे एकटे जिवंत परतले. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे टोपलीतच गेले. तिसांदिए यांनी लिहून ठेवलेल्या हकिगतीत गुदमरण्याची वेदना नाही. उलट आत कुठेतरी आनंद दाटून आला होता, धोक्याची भीती मावळली होती, आणि नळी तोंडाशी न्यावी असे वाटले तेव्हा हात उचलेनात. ‘कोंडल्यासारखं वाटलं की दोर हलव’ या सल्ल्याची अडचण इथेच आहे. कोंडल्यासारखे वाटत नाही ते नाहीच, शिवाय दोर हलवायचा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा तोच आधी मंद होतो. हे फक्त उंचीवर घडते असेही नाही. मार्च १९८१ मध्ये अमेरिकेत ‘कोलंबिया’ या अंतराळयानाच्या पहिल्या उड्डाणाची तयारी चालू असताना काही कर्मचारी नायट्रोजन भरलेल्या कप्प्यात शिरले आणि बेशुद्ध पडले. त्यातल्या एकाचा त्याच दिवशी मृत्यू झाला. नायट्रोजन विषारी नाही. आपल्या प्रत्येक श्वासात ७८ टक्के तोच असतो. जगातल्या अत्यंत दक्ष समजल्या जाणाऱ्या संस्थेत हे होऊ शकते, तर गावच्या विहिरीवर जमलेल्या चार माणसांच्या अंदाजावर सगळे सोपवणे कितपत शहाणपणाचे?

आता दुसरा आक्षेप. आपल्या विहिरीत किंवा गटारात शुद्ध नायट्रोजन कुठे असतो? तिथे कार्बन डायऑक्साइडही असतो, घाणेरडे वायूही असतात, मग दम लागेल, वास येईल. खरे आहे, पण त्याने फारसे वाचत नाही. खाणीतल्या ज्या मारक हवेला इंग्रज कामगार ‘ब्लॅकडॅम्प’ म्हणत, तिला पूर्वी निव्वळ कार्बन डायऑक्साइड समजत. हॉल्डेन यांनी तपासली तेव्हा तिच्यात बराच मोठा वाटा नायट्रोजनचा निघाला. कोंदट जागेत माती, कुजका पाला, गंजणारे लोखंड प्राणवायू खात राहतात आणि मागे असे मिश्रण उरते. त्यातला कार्बन डायऑक्साइड दम लावतो हे मान्य. पण दोरावरून पन्नास फूट उतरलेल्या आणि फावडे चालवणाऱ्या माणसाला दम लागला तर तो त्याचे खापर कष्टावरच फोडणार. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर विचार करायलाही फार वेळ देत नाही. वासाचे म्हणाल तर सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करून टाकतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा नेमका तेव्हाच खाली वाकतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना तो श्वास वाढवतो.

जुने लोक उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडत. या रीतीला हसण्याचे कारण नाही. साधारण १६-१७ टक्के प्राणवायूला ज्योत विझते आणि तेवढ्यात माणूस सहसा कोसळत नाही. म्हणजे ज्योत आपल्या आधी हार मानते. उतरणाऱ्याच्या छातीऐवजी बाहेरच्या साधनाला विचारायचे, ही त्यामागची समज तर आजच्या आपल्या वागण्यापेक्षा सरस होती. फक्त कंदिलाला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, आणि गोबरगॅसच्या टाकीत किंवा मैल्याच्या चेंबरमध्ये मिथेन असेल तर उघडी ज्योत स्फोटाला आमंत्रण ठरते.

अशा घटनांच्या बातम्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. पहिला पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी. दुसरा आणि तिसरा बेपर्वा नसतात. काठावर उभे असताना त्यांना काहीच होत नसते, आणि तळाला पोचेपर्यंतही काही वाटत नाही. मग का थांबावे? त्यांना ‘धाडस करू नका’ असे सांगून भागत नाही, तुमचे शरीर तुम्हाला खोटी ग्वाही देणार आहे हे सांगावे लागते. कायद्याने आपला वाटा निदान कागदावर उचलला आहे : २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटारे आणि सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवण्यास बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंची भरपाई २०१४ मधल्या दहा लाखांवरून २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. शेतातली विहीर या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत गाळ काढण्याची कामे निघतात तेव्हा ग्रामपंचायतीकडे फावडी, टोपल्या, दोर सगळे असते. हवा मोजायचा मीटर नसतो.

तो परवडत नाही, असे कोणी म्हणेल. प्रत्येक शेतकऱ्याने घ्यावा असे कोण म्हणते? तालुक्याला चार-दोन असले आणि मागितल्यावर मिळाले, तरी पुष्कळ होईल. मीटरही चुकतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाजारात सहसा मिळतो तो चार वायूंचा : प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की तो ओरडतो. पण विहिरीत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड नुसता येऊन मिसळला, तर प्राणवायू २०.९ वरून १९.९ च्या आसपासच येतो आणि मीटर गप्प राहतो. तेव्हा विहिरीच्या कामासाठी घेताना कार्बन डायऑक्साइडचा पाचवा सेन्सर असलेलाच मागावा. तो दोराला बांधून आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाशी थोडा थोडा वेळ थांबवावा, कारण हे वायू थराथरांनी साचतात आणि वरच्या आकड्यावरून खालचे काही कळत नाही. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून काम संपेपर्यंत मीटर खाली माणसाच्या कमरेलाच राहू द्यावा.