सॅमन कशाला? बांगडा आहे!

साकीनाक्याच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाबाचे रुग्ण हल्ली विचारतात, "डॉक्टर, हृदयासाठी परदेशी सॅमन मासा खावा का?" माझे मत स्पष्ट आहे, त्याची गरज नाही. सॅमनमधले ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल आपल्या बांगड्यात आणि तारलीतही भरपूर असते, तेही कितीतरी कमी पैशांत. अपाय होतो तो तळणीच्या तेलाने आणि खाऱ्या सुक्या मासळीतल्या मिठाने.

बांगडा साफ करून त्याला चिरा द्याव्यात. हळद, आले-लसूण, लिंबाचा रस व बेताचेच मीठ लावून केळीच्या पानात गुंडाळावा. तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिळून पंधरा मिनिटांत शिजतो. आठवड्यातून दोनदा असा मासा जरूर खावा. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.